जुना वण आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया



खड्यांनी भरलेले पित्ताशय दुर्बिणीद्वारे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. एरिक म्यूए यांनी जर्मनीत १९८५ साली केली. भारतात ती १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. त्या प्रारंभीच्या काळात पोटावर पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा वण असलेल्या रुग्णास या पद्धतीसाठी बहुधा अपात्र ठरविले जाई.

त्या सावधगिरीस आधार होता. उघडलेले पोट भरून येताना आतडी कधी कधी वणाच्या आतील बाजूस चिकटून बसतात. दुर्बिणीसाठी पहिली नळी बेंबीपाशी, आत काय आहे हे न दिसता घातली जाते. तेथेच आतडे चिकटलेले असल्यास त्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून आता अशा रुग्णात शल्यचिकित्सक लहानसा छेद घेऊन, डोळ्यांनी पाहत आत शिरतात, अथवा जुन्या वणापासून दूर, डाव्या बरगड्यांखालून प्रवेश करतात. चिकटलेले भाग पित्ताशयापर्यंत वाट होण्यापुरतेच सोडविले जातात. अधिक सोडविणे म्हणजे अधिक इजा ओढवून घेणे.

वण कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. सिझेरियन किंवा आंत्रपुच्छाचा वण ओटीपोटात असतो, पित्ताशय उजव्या बरगड्यांखाली. त्यामुळे अडचण सहसा थोडी असते. जठराच्या जुन्या शस्त्रक्रियेचा वरच्या पोटातील वण मात्र अधिक कठीण.

ही माहिती डॉक्टरांना मिळते ती रुग्णाकडूनच, आणि तेथेच गफलत होते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला 'ऑपरेशन' न समजणाऱ्या भगिनी थोड्या नाहीत! गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी रुग्णास जुनी कागदपत्रे सोबत नेण्यास सांगावे. ती नसल्यास वण तरी दाखवावा.

चिकटलेले भाग सुटत नाहीत असे दिसल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करावी लागते. "दुर्बिणीचे सांगून पोट फाडले," अशी नातेवाइकांची तक्रार मग ऐकू येते. वस्तुतः तो निर्णय रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीच असतो, व संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ही शक्यता कुटुंबाने समजून घेतलेली बरी.

आतड्याची इजा क्वचित शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षात येत नाही. घरी आल्यावर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत गेली, ताप आला, पोट फुगले किंवा उलट्या थांबेनात, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात परत न्यावे.