जीपीएस नांगराची मोटर निवडताना

नांगर म्हटला की लोखंडाचा आकडा, दोर आणि तळाचा चिखल ही तीन आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. गेल्या दीड दशकात मात्र असा एक नांगर प्रचारात आला आहे, की ज्याला आकडा नाही, दोर नाही आणि तळाशी ज्याचा काही संबंधही येत नाही. होडीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढल्या टोकाला, विजेवर चालणारी एक लहान मोटर बसविलेली असते. बटन दाबले की ती होडीची त्या क्षणीची जागा उपग्रहांच्या साहाय्याने टिपून ठेवते. आणि वाऱ्याने वा पाण्याच्या ओढीने होडी सरकू लागली, की आपला पंखा हव्या त्या दिशेला वळवून तिला पुन्हा जागेवर ओढून आणते. मांडवी-जुवारीच्या खाडीत गळ टाकून जिताडा, ज्यास गोव्यात चोणक म्हणतात, किंवा तांबोशी धरणाऱ्या ज्या हौशी मंडळींना अशी मोटर घेण्याची इच्छा आहे, त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे.

प्रथम या यंत्राचे कुळ पाहू. विजेच्या या लहान मोटरीला ट्रोलिंग मोटर म्हणतात, कारण गळ पाण्यातून सावकाश ओढीत नेण्यासाठी ती निर्माण झाली. मिन कोटा हा तिचा प्रसिद्ध कारखाना 1934 साली अमेरिकेतील फार्गो या गावी सुरू झाला. मिनेसोटा आणि डकोटा या दोन शेजारी राज्यांच्या नावांची सांधणी करून हे नाव तयार झाले आहे. त्या मुलखात तळी अगणित. होडी एका जागी उभी करण्याची विद्या तिला पुष्कळ उशिरा प्राप्त झाली, आणि त्याचे कारण आकाशात होते. अमेरिकन सरकार जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळीत असे. ती पद्धत मे 2000 मध्ये बंद झाली. तोपर्यंत जागेचा अंदाज शंभर मीटरांपर्यंत चुकू शके. एवढ्या चुकीवर कोणती होडी उभी राहणार? पुढे 2010 च्या सुमारास मिन कोटाने जागा धरून ठेवणारी मोटर बाजारात आणली. आज मोटरगाईड, गार्मिन, लोव्हरन्स यांच्याही मोटरी हे काम करतात.

या वंशावळीतून एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची आहे. हे यंत्र मुख्यतः तळ्यांवर वाढले. तळ्यावर होडीला हलवतो तो वारा. आपल्या खाड्यांत पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, आणि उधाणाच्या ओहोटीला त्याची ओढ अंगावर येते. तेव्हा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकडे आपल्या पाण्यास जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

मोटरीचा जोर पौंडांत सांगतात. त्यास आपण रेटा म्हणू. 12 व्होल्टची मोटर साधारण 55 पौंडांपर्यंत, म्हणजे 25 किलोंपर्यंत रेटा देते. 24 व्होल्टची 80 पौंड आणि 36 व्होल्टची 112 पौंड. कारखानदारांचा नेहमीचा ठोकताळा असा, की भरलेल्या होडीच्या वजनाच्या शेकडा दोन इतका रेटा निदानपक्षी हवा. होडी, इंजीन, पेट्रोल, बर्फाची पेटी आणि तीन माणसे मिळून 900 किलो भरत असतील, तर 18 किलो, म्हणजे 40 पौंड. हिशेब सोपा आहे. पण तो संथ पाण्याचा आहे. शिवाय छापलेला रेटा हा स्थिर पाण्यात मोजलेला असतो. समोरून पाणी वाहत आले की तोच पंखा कमी रेटा देतो, आणि नेमकी त्याच वेळी गरज वाढलेली असते. ओढीचा वेग दुप्पट झाला, की होडीवरील जोर दुप्पट नव्हे तर चौपट होतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपले पाणी मोजावे. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक असोला नारळ पुरे. नारळी पौर्णिमेला आपण तो दर्याला वाहतोच, एखादा मोजणीसाठीही वाहावा. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी जोरात असताना, आपल्या नेहमीच्या जागी होडी लोखंडी नांगरावर उभी करावी आणि नाळेजवळ नारळ सोडून तो मागच्या टोकाशी किती सेकंदांत पोहोचतो ते घड्याळात पाहावे. होडी 6 मीटर लांब असेल आणि नारळास 12 सेकंद लागले, तर ओढ सेकंदाला अर्धा मीटर. साधी मोटर तेथे होडी धरील. 6 सेकंद लागले तर वर सांगितलेल्या 900 किलोंच्या होडीसाठी 80 पौंडांहून कमी रेट्याची मोटर मी तरी घेणार नाही. आणि 4 सेकंद लागले, तर ती जागा या मोटरीची नव्हे. कारण त्या वेगाला ती मोटर लावून होडी उलट्या दिशेने चालविली तरी बहुधा ती जेमतेम जागच्या जागी राहील. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, हीच जागा अगदी मवाळ असू शकते. पण मोटर घ्यावयाची ती उधाण पाहून.

यंत्र जागा कशी धरते हे समजले की आणखी एक चूक टळते. उपग्रहांवरून मोटरीला आपण कोठे आहोत हे कळते. परंतु उभ्या होडीचे तोंड कोणीकडे आहे हे कळत नाही. त्यासाठी आत होकायंत्र असते. त्याच्याजवळ लोखंडी आकडा, साखळी किंवा ध्वनिवर्धकाचे चुंबक ठेवले, की बिचारी मोटर भलत्याच दिशेला रेटा देते आणि होडी स्थिर राहण्याऐवजी जागेभोवती घिरट्या घालू लागते. पुष्कळांना वाटते यंत्र बिघडले. दोष नाळेवर ठेवलेल्या साखळीचा असतो. विकत घेताना दुसरेही एक विचारावे : हे यंत्र गगनचे संकेत घेते काय? गगन ही आपल्या इस्रोने आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली व्यवस्था जीपीएसच्या चुका दुरुस्त करणारे संकेत भारतावर पाठविते. आपल्या अक्षांशांत सूर्यास्तानंतर वरच्या वातावरणात जी खळबळ होते तिने उपग्रहांचे संकेत विस्कटू शकतात, आणि जिताड्याची वेळही पुष्कळदा तीच. एवढे करूनही नांगर काही मीटरांच्या वर्तुळातच धरला जातो. तोही नाळेचा, होडीचा मागचा भाग वातकुक्कुटासारखा फिरत राहतो.

दांड्याच्या लांबीविषयी फार बोलावयास नको. मोटर बसवावयाच्या जागेपासून पाण्यापर्यंतची उंची मोजावी, तीत 20 इंच मिळवावे, आणि खाडीच्या मुखाशी जाणाऱ्यांनी आणखी 5 इंच धरावे. लाटेवर नाळ वर उचलली गेली की आखूड दांड्याचा पंखा हवेत फिरतो, आणि हवेत फिरणारा पंखा कोणासही धरीत नाही. आपल्याकडील फायबरच्या होड्यांची नाळ उंच आणि निमुळती असते. तिच्यावर सपाट, भक्कम पाट आधी बसवून घ्यावा लागेल आणि तोही उंचीत मोजावा लागेल.

यात खरा खर्च बॅटरीचा आहे, आणि बहुतेक मंडळी नेमकी येथेच काटकसर करतात. इंजीन सुरू करणारी बॅटरी या कामाची नव्हे. ती क्षणभर पुष्कळ वीज देण्यासाठी बनविलेली असते, तासन्‌तास देण्यासाठी नव्हे. 55 पौंडांची मोटर पूर्ण जोरात सुमारे 50 अँपिअर वीज खाते. 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी टिकावी अशी इच्छा असेल तर तिच्यातील निम्मीच वापरावी. म्हणजे पूर्ण जोरात एक तास! संथ पाण्यात मोटर अधूनमधूनच फिरते, म्हणून तीच बॅटरी दिवसभरही पुरेल. उधाणाच्या ओहोटीत मात्र तिला विसावाच नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण वजनाला सुमारे निम्मी असते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. नाळेवरील प्रत्येक किलो जाणवणाऱ्या लहान होडीत तो खर्च मला योग्य वाटतो. तारा मात्र जाड घ्याव्यात, आणि बॅटरीपाशी जादा प्रवाह तोडणारी कळ असावी.

खाडीचे पाणी मचूळ म्हणून गोड्या पाण्याची स्वस्त मोटर घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. खाऱ्या पाण्याच्या मोटरीवर लेप निराळा असतो आणि तिला जस्ताचा एक तुकडा जोडलेला असतो. खार आधी त्याला खातो. तुकडा झिजला की बदलावा, आणि घरी आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुवावी.

आता जिवाशी संबंध असलेल्या गोष्टी. जागा धरून असलेला पंखा न सांगता फिरू लागतो. त्यात अडकलेली दोरी किंवा शेवाळ काढण्यापूर्वी वीज तोडल्याखेरीज हात घालू नये. एकटा माणूस पाण्यात पडला, तर होडी जागेवर राहते आणि माणूस ओढीबरोबर दूर जातो. म्हणून तरंगते जाकीट अंगावर हवे, पेटीत नव्हे. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे ही मोटर पाण्याचा बदल आपल्याला जाणवू देत नाही. ओहोटी वाढत जाते, होडी तशीच उभी, गप्पा तशाच चालू. आणि बॅटरी संपते त्या क्षणी आपण पात्राच्या मध्यावर, ओढीच्या ऐन भरात असतो, तोंड समुद्राकडे. म्हणून निघतानाच ओहोटीची वेळ पाहून मोटर किती वाजेपर्यंत चालवावयाची ते ठरवावे. जुना लोखंडी नांगर घरी ठेवू नये. होकायंत्रापासून दूर, होडीच्या मध्यावर त्याची जागा करावी. दोर खोलीच्या निदान पाचपट असावा, आणि त्याचे दुसरे टोक किनारा सोडण्यापूर्वीच नाळेच्या कडीला बांधलेले असावे.