भाड्याच्या घरातील दुकान



काचीगुड्यातील भाड्याच्या दोन खोल्यांतून एखादी गृहिणी आज आंतरजालावर गोडा मसाला विकू शकते. दुकान नको, गल्ला नको, असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु या व्यापारालाही पत्ता लागतो, आणि तो तिच्या मालकीचा नसतो.

१९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्या गच्चीचे संमतिपत्र त्यांच्याकडे कोणी मागितले असते तर?

तेलंगणात वर्षाला २० लाखांपर्यंतचा माल राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यास वस्तू-सेवा कराची नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठांमार्फत विकणाऱ्यांनाही ही सवलत मिळाली. मात्र मसाल्याचे एक पाकीट नांदेडच्या गिऱ्हाइकाला विकले की नोंदणी अटळ. (१९५६ पर्यंत नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, हे आठवल्यावाचून राहवत नाही.) मग भाडेकरार हवा, शिवाय घरमालकाचे वीजबिल किंवा घरपट्टीची पावती हवी. करारात ‘केवळ निवासासाठी’ असे शब्द असले, की मालक बिचकतो आणि भाडे वाढवून मागतो. म्हणून घरगुती व्यवसायास हरकत नसल्याचे वाक्य करार करतानाच त्यात घालून घ्यावे. बिऱ्हाड थाटल्यावर ते मिळणे कठीण.