जनुक म्हणजे नशीब नव्हे

(कर्वेनगर येथे महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)



वस्तीतल्या एका मावशींचे तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. दीड वर्षाने गालात पुन्हा गाठ आली. ‘जनुकांतच दोष असणार,’ असे कुणी तरी म्हणाले. घरात पहिला प्रश्न निघाला तो मावशींच्या उपचाराचा नव्हे, मुलीच्या लग्नाचा! ‘पोरीच्याही रक्तात असेल.’ म्हणून आज हा विषय घेतला.

तोंडाच्या कॅन्सरमधला जनुकांचा बिघाड बहुतेक वेळा आईकडून आलेला नसतो. मशेरी, तंबाखू, सुपारी यांनी तो त्या जागच्या पेशींत वर्षानुवर्षे घडवलेला असतो. गाल-हिरड्यांच्या कॅन्सरमधले असे बिघाड भारतीय शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. त्या कामात टाटा मेमोरियलचे खारघरचे संशोधन केंद्रही होते. टीपी-५३ हे त्यातले एक महत्त्वाचे जनुक. बिघडलेल्या पेशीला आवर घालणे हे त्याचे काम. तेच मोडले की पेशी मोकाट वाढते. हा बिघाड गाठीत असतो, लेकीच्या रक्तात नव्हे.

मग ऑपरेशननंतर रोग परततो का? कारण तंबाखूचा मारा सगळ्या तोंडावर झालेला असतो. १९९५ साली अमेरिकेत डोके-मानेच्या कॅन्सरचे २५ रुग्ण तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांच्या जखमेच्या कडा स्वच्छ होत्या. तरी १३ जणांच्या कडांत टीपी-५३ बिघडलेल्या पेशी सापडल्या. त्यांतल्या ५ जणांचा रोग त्याच जागी परतला. उरलेल्या १२ पैकी एकाचाही नाही. अभ्यास लहान होता, आणि ही तपासणी आजही नेहमीच्या उपचाराचा भाग नाही. म्हणून कुणी महागडी तपासणी सुचवली, तर मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी विचारा : ‘निकालाने माझा उपचार बदलणार आहे का?’

पक्के ठाऊक आहे त्याचा मात्र आग्रह धरा. टाटा रुग्णालयातल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने २०१५ साली दाखवले, की सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच ऑपरेशनात मानेतल्या गाठीही काढल्या, तर तीन वर्षांनी १०० पैकी ८० रुग्ण हयात असतात. नंतर काढल्या तर सुमारे ६७. रोग परतण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त. तेव्हा फेरतपासणी चुकवायची नाही.

पण बाई ती का चुकवते? खाडा पडतो, सोबत कुणी नसते. मशेरी का सुटत नाही? तिने भूक मरते, दातांचा ठणका थांबतो. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली. मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते. तिथे कायदा नाही, आपणच पोचणार.

म्हणून मंडळाने तीन कामे घ्यावीत. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकीची तारीख वहीत लिहावी आणि तिच्याबरोबर एकीने जावे. मशेरी सोडणारीला एकटे पाडू नये. आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसले, तर लगेच दाखवावे.

याच हिंगण्यात अण्णा कर्व्यांनी १९०० साली विधवांसाठी झोपडी उभारली, तेव्हा लोक वैधव्याला ‘तिचे नशीब’ म्हणत. आज नशिबाच्या जागी जनुक हा शब्द बसवू देऊ नका.