कर्करोग्याची विडी

घरांतील विडी ओढणाऱ्या माणसाला कर्करोग झाल्याचें कळलें कीं आप्तांच्या तोंडून एक वाक्य हटकून निघतें : “आतां कशाला सोडायला लावतां? व्हायचें तें झालें. ओढूं द्या त्यांना.” या बोलण्यांत माया आहे, पण ती रोग्याला फार महाग पडते.

कारण रोग जडला म्हणून तंबाखूचें काम संपत नाहीं. घशाच्या गांठीवर किरणोपचार चालतो, तेव्हां गांठीस प्राणवायु पोंचत असला तरच किरणांचा मारा नीट लागूं पडतो. आणि विडीच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड रक्तांत नेमकी प्राणवायूचीच जागा अडवितो. शस्त्रक्रियेची जखमहि उशिरां भरते. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या २०१४ च्या अहवालांत तर, धूम्रपान करणाऱ्या कर्करोग्यांस मृत्यूचा आणि दुसरा नवा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, असें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां विडी सोडविणें हें औषधपाण्यांतच मोडतें.

तें सोपें मात्र नाहीं. आमच्या नगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, तर मुळींच नाहीं. संगमनेरास काय किंवा नगर शहरांत काय, पुष्कळ घरांची चूल विडी वळण्यावर पेटते. लोणीच्या प्रवरा रुग्णालयांतून किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयांतून रोगी घरीं परततो, तों ओसरीवर मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळीत बसलेल्या! हातचें काम टाका, असें त्यांना कोणत्या तोंडानें सांगावें? पण रोग्याची खाट त्या ओसरीपासून दूर हलवितां येते. “विडी सोडा” एवढें सांगून मोकळे होणाऱ्या डॉक्टरांनीं ही ओसरी एकदां डोळ्यांपुढें आणावी.

तल्लफ येते ती निकोटिनमुळें. कर्करोग होतो तो मुख्यतः धुरांतील इतर द्रव्यांमुळें. म्हणून तंबाखूवांचून थोडें निकोटिन देऊन तल्लफ शमवितां येते. किरणांनीं तोंड सोललें असल्यास चघळण्याची गोळी झोंबते. तेथें कातडीवर चिकटविण्याची पट्टी बरी. अर्थात् डॉक्टरांस विचारूनच. विडी टाकून मिश्री धरणें मात्र सोडणें नव्हे. २०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं धूम्रपान करणारे शेंकडा ३.८, तर बिनधुराची तंबाखू सेवन करणारे शेंकडा २४.४ आढळले!

पहिले तीन-चार आठवडे माणूस चिडतो, त्याची झोंप उडते. मध्येंच एखादी विडी ओढली गेली तर घरच्यांनीं रागावूं नये. नाहींतर पुढची तो लपून ओढील आणि डॉक्टरांसहि खोटें सांगेल. घरीं मोकळें बोलण्यास कोणी नसल्यास केंद्र सरकारचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनि आहे.