नव्या घराचं नाव

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये एखाद्या कंपनीच्या कँटीनमध्ये मुंबईचा झेवियर, गोव्याचा शाव्येर, केरळचा सेव्यर आणि तमिळनाडूचा सवरिमुत्तू शेजारी शेजारी जेवायला बसले असतील, तर एकाच घराचं नाव तिथं चार तऱ्हांनी हाक मारलं जात असेल.

घर हा शब्द इथं अगदी खरा आहे. पिरेनीज पर्वताच्या दोन्ही अंगांना बास्क भाषा बोलतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. तिच्यात ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवं. आपल्याकडे वसईला, भाईंदरला, उरणला नवघर आहे आणि नवघरे हे आडनावही आहे, तसंच हे. बास्क माणूस घरावरून ओळखला जाई, म्हणून घराचं नाव आडनाव झालं. स्पॅनिशमध्ये त्याचं एचेवेरीया झालं. १९७० ते १९७६ या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष याच आडनावाचे होते. नवारा प्रांतातल्या एका किल्ल्याच्या गावात मात्र ते आखडून ‘शाबिएर’ एवढंच उरलं.

त्या किल्ल्यात १५०६ साली संत फ्रान्सिस झेवियर जन्मले. ते दहा वर्षांचे असताना कॅस्टिलच्या सत्तेनं किल्ल्याचे बुरूज पाडले. घर मोडलं, नाव निघालं दर्यापार. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस गोव्यात उतरले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. १६२२ मध्ये ते संत ठरले आणि लोक हे आडनाव बारशालाच ठेवू लागले.

उच्चारांचा प्रवास तर फारच सुंदर आहे. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पहिलं अक्षर ‘श’ होतं. पुढे ते घशात उतरलं आणि ‘हाविएर’ झालं. पोर्तुगिजांनी ‘श’ सांभाळला, तोच कोकणीत राहिला. तमिळनं ‘स’ करून शेवटी आदराचा ‘आर’ जोडला: सवेरियार. मुंबईचा ‘झ’ इंग्रजीतून आलेला. १८६९ साली निघालेल्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या नावातून तो मराठी कानांवर सतत पडत आला.

बेंगळुरूचं कॅथीड्रलही याच संताच्या नावाचं आहे. व्हाइटफील्डची गोष्ट मात्र उलट्या दिशेची. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन संघटनेला शेतीच्या वसाहतीसाठी ३,९०० एकर जमीन दिली. संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट. शाबिएर गावाचं आडनाव झालं होतं, इथं आडनावाचं गाव झालं.