चित्र आलं, आवाज कुठे अडला?

आजचा भाग छोटा आहे, पण पैसे वाचवणारा. लॅपटॉप टीव्हीला जोडला, चित्र झकास आलं, पण टीव्हीतून आवाजच नाही. असं झालं की बहुतेक जण आधी केबल बदलतात. माझी मामेबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या टीव्हीसाठी तिने स्वतःच्या पैशांनी दुसरी एचडीएमआय केबल आणली, तरी टीव्ही मुकाच. चौथीची पोरं कवितेचा व्हिडिओ मूकपटासारखा बघत बसली.

केबल बिचारी निर्दोष होती. का, ते सांगतो. एचडीएमआय २००२ मध्ये आली, तेव्हापासूनच ती चित्र आणि आवाज एकत्र नेते. चित्राची एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत जी फट असते, तिच्यात आवाजाचा डेटा बसवलेला असतो. त्यामुळे चित्र स्वच्छ येत असेल, तर केबल बहुधा ठीकच आहे.

गंमत अशी की कॉम्प्युटरसाठी टीव्ही म्हणजे दोन वस्तू : एक पडदा आणि एक स्पीकर. पडदा तो लगेच वापरायला लागतो. स्पीकर नुसता यादीत टाकतो, निवडेलच असं नाही. म्हणून हे क्रमाने बघा.

एक, टीव्ही म्यूट नाही ना? टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज साउंडबारकडे किंवा ब्लूटूथकडे वळवलेला नाही ना?

दोन, विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जा आणि आउटपुटखाली टीव्हीचं नाव निवडा. मॅक आणि उबुंटूमध्येही साउंड सेटिंगमध्ये आउटपुट सापडेल. बहिणीला एवढंच फोनवर सांगितलं आणि पलीकडून पोरांचा एकच गलका ऐकू आला!

तीन, तरीही शांतता असेल तर ब्राउझर किंवा प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. कधी कधी तो जुन्याच स्पीकरला धरून बसतो.

चार, यादीत टीव्ही दिसतच नाही? केबल जोडली की टीव्ही कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो : मी इतक्या रिझोल्यूशनचा, मला असा आवाज चालतो. ही ओळख नीट पोहोचली नसेल, तर केबल काढा, टीव्ही आधी चालू करा, रिमोटने योग्य एचडीएमआय इनपुट निवडा आणि मग केबल लावा. नाही जमलं तर लॅपटॉप रीस्टार्ट करा. तरीही नाही, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका. हो, ग्राफिक्सचाच! कारण एचडीएमआयचा आवाज सहसा ग्राफिक्स चिपमधूनच बाहेर पडतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. जुन्या पीसीचं ते निळं, १५ पिनांचं व्हीजीए कनेक्शन फक्त चित्र नेतं. तिथे सेटिंग कितीही बदला, आवाज येणार नाही. हेडफोनच्या जॅकमधून वेगळी ऑडिओ वायर किंवा स्पीकर लावावाच लागेल.

आणि केबलवर शंका असेलच, तर तीच केबल सेट-टॉप बॉक्सला लावून बघा. तिथे आवाज आला, तर दुकानात जायची गरज नाही. चला, भेटू पुढच्या भागात!