भुतांची गल्ली आणि आपला जिना
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं, "काका, या वेळी बँकेच्या गोष्टी नकोत, भुताच्या सांगा." मुलांचीच तशी मागणी होती म्हणे. ठीक आहे. सांगतो. पण बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस भुताकडेही व्हाउचर मागतो, हे आधीच लक्षात असू द्या.

आमची मुलगी काही वर्षं अमेरिकेत शिकागोला होती. तिथे शहराच्या ऐन मध्यावर रँडॉल्फ स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. आपल्याकडे गिरगाव-लॅमिंग्टन रोडला जशी एकेकाळी थिएटरांची रांग होती, तसा हा भाग. तिथल्या एका मोठ्या थिएटरच्या मागे अरुंद गल्ली आहे. नाव कौच प्लेस. पण लोक तिला 'मृत्यूची गल्ली' म्हणतात. संध्याकाळी तिथे भुतं दाखवणाऱ्या सहली निघतात, तिकीट लावून!

काय सांगतात तिथे? गल्लीत मध्येच गार झुळूक लागते. लहान मुलांच्या रडण्याचा बारीक आवाज येतो. कुणीतरी खांद्याला घासून गेल्यासारखं वाटतं. थिएटरात काम करणारे सांगतात की परीच्या वेशातली एक बाई अंधारात दिसते.

आता व्हाउचर बघू. आजचं थिएटर १९२६ साली बांधलेलं. ते आधी 'ओरिएंटल' होतं, २०१९पासून त्याला 'नेदरलँडर' म्हणतात. ज्या थिएटरात माणसं गेली ते त्याच जागेवरचं आधीचं, 'इरोक्वा' नावाचं. ते केव्हाच पाडलं. म्हणजे भुताचं घर गेलं, पण भुताचा पत्ता तोच राहिला! जुनं म्हणावं असं उरलं आहे ते फक्त मागची गल्ली.

गोष्ट अशी. इरोक्वा थिएटर २३ नोव्हेंबर १९०३ला सुरू झालं. संगमरवर, आरसे, झुंबरं, सगळा थाट. जाहिरातीत छापलं होतं की ही इमारत आगीपासून पूर्णपणे सुरक्षित आहे. पाचच आठवडे झाले. ३० डिसेंबर, बुधवार, दुपारचा खेळ. नाताळची सुट्टी असल्याने बहुतेक बाया आणि मुलं. जितक्या खुर्च्या त्याहून शेकडो माणसं जास्त, मागे उभी.

सव्वातीनच्या सुमारास रंगमंचावरच्या एका दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आगीसाठी म्हणून असलेला खास पडदा खाली सोडला, तो अर्ध्यावर अडकला. इमारतीत धोक्याची घंटा नव्हती. एडी फॉय नावाचा प्रसिद्ध विनोदी नट जळत्या पडद्याखाली उभा राहून लोकांना शांत राहायला सांगत होता, वाद्यवृंदाला वाजवत राहायला सांगत होता. तेवढ्यात नटमंडळी बाहेर पडण्यासाठी मागचं दार उघडून निघाली. थंडीचा वारा आत शिरला आणि आगीचा लोळ प्रेक्षकांवर आला.

मग लोक दारांकडे धावले. आणि इथे मुलांनो, मोठ्यांनीही, नीट ऐका.

बरीच दारं पडद्यांमागे झाकलेली, वर काही लिहिलेलं नाही. काहींना अशा कड्या की अनोळखी माणसाला उघडता येऊ नयेत. काही दारं आत उघडणारी. मागून गर्दी रेटते आहे, पुढचा माणूस दार आत ओढणार कसं? वरच्या मजल्यांच्या जिन्यांवर लोखंडी जाळीची दारं लावून ठेवलेली. का? तर स्वस्त तिकीटवाल्यांनी खाली येऊन महागड्या खुर्चीत बसू नये म्हणून! काही लोक मागच्या बाजूने गल्लीवरच्या सज्जावर आले, तर तिथला जिना पुरा झालेलाच नव्हता. समोर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या इमारतीत रंगकाम करणाऱ्या कामगारांनी शिडी आणि फळ्या आडव्या टाकल्या. थोडे वाचले. बाकीचे खाली गल्लीत पडले.

सहाशेहून जास्त माणसं गेली. नटमंडळी जवळजवळ सगळी वाचली. त्यांच्यातली तारेवरून उडणारी परी, नेली रीड, मात्र वाचली नाही. परीच्या वेशातलं भूत कुठून आलं ते कळलं ना?

खटले झाले, वर्षानुवर्षं चालले. पण या मृत्यूंबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. आमच्या बँकेत ज्या नोंदीचा जमाखर्च लागत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात, आणि हिशेब लागेपर्यंत ती दरवर्षी पुढे ओढली जाते. मला वाटतं, शिकागोचं भूत म्हणजे तशीच पुढे ओढलेली नोंद आहे.

एक नोंद मात्र जमेची. इंडियानापोलिसचा कार्ल प्रिंझलर हा हार्डवेअरचा विक्रेता त्या दिवशी खेळाला जाणार होता, कामामुळे राहिला. ती गोष्ट त्याच्या मनातून जाईना. त्याने हेन्री ड्युपाँट नावाच्या वास्तुरचनाकाराला गाठलं आणि १९०८मध्ये आतून नुसतं ढकललं की उघडणारी दाराची दांडी बाजारात आली. मॉलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये दाराला जी आडवी दांडी असते ती हीच. पुढच्या वेळी हात लावाल तेव्हा त्या मुलांची आठवण करा.

"हे सगळं अमेरिकेत," असं कुणी म्हणेल. १३ जून १९९७, दिल्लीचं उपहार थिएटर, 'बॉर्डर' सिनेमा. खाली ट्रान्सफॉर्मरला आग, धूर बाल्कनीत. जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवलेली. ५९ माणसं गेली. बहुतेक धुराने गुदमरून.

आता आपल्या भुताकडे येतो. मुलं म्हणतात, बी विंगच्या सातव्या मजल्यावर गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात पांढरं भूत आहे. मी टॉर्च घेऊन जाऊन आलो. भूत आहे, नक्की आहे! एक जुना सोफा आहे, त्यावर पांढरी चादर आहे, शेजारी दोन सायकली आणि एक फुटका कूलर. वरचा बल्ब गेलेला. आणि गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे, हे मी पाच जणांना विचारलं, पाच उत्तरं मिळाली.

मुलांनो, त्या जागेला भिता ते बरोबरच आहे. फक्त चादरीला भिऊ नका, कुलपाला भ्या.

२००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू ठेवणं ही आपलीच जबाबदारी आहे. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी द्यावा लागतो. पण फॉर्म भरल्याने जिना मोकळा होत नाही. चपलांचे स्टँड, कुंड्या, रद्दीचे गठ्ठे आपणच ठेवतो, आपणच उचलायचे. लाल पेटीतल्या होजच्या जागी झाडू ठेवायचे नाहीत. आग लागली तर लिफ्ट नाही, जिना. आणि फोन १०१.

म्हणून कमिटीला माझ्या तीनच विनंत्या. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही जिने मोकळे करावेत. गच्चीचं कुलूप काढून आतून सहज उघडेल अशी कडी लावावी. आणि दर वर्षी वर्धापनदिनी सगळ्यांनी, आजी-आजोबांसकट, जिन्याने खाली उतरून मैदानात जमायचं. किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. वही सांभाळायला मी तयार आहे, तेवढा अनुभव आहे.

पंचवीस वर्षांत आपल्या संस्थेला एकही खरं भूत चिकटलेलं नाही. सुवर्णमहोत्सवालाही हे वाक्य कुणाला तरी असंच म्हणता यावं, एवढीच इच्छा.